स्टेअरिंग मधेच जड व्हायचं, आणि उद्यमनगरातल्या वायरिंगवाल्या मामांनी काढलेला फॉल्ट

पहिल्यांदा सांगते की हे दुकान बाहेरून बघितलं तर कुणी आपली गाडी आत घालणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या आणि वेल्डिंगवाल्याच्या मधे एवढंसं शटर, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची चळत, आत भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि एक टेबल ज्याच्यावर चहाचे ग्लास आणि अल्टरनेटरचे आर्मेचर एकत्रच पडलेले असतात. पाटीवर ऑटो इलेक्ट्रिकल्स एवढंच वाचता येतं, बाकी रंग उडालाय. पण आमच्या गाडीचा जो फॉल्ट एसी वेटिंग रूम आणि कॉफी मशीनवाल्या सर्व्हिस सेंटरला महिनोन्‌महिने सापडला नाही तो इथं एका दुपारीत सापडला, म्हणून सविस्तर लिहितेय, कारण हा त्रास बऱ्याच जणांच्या गाडीला असणार आणि बरेच जण उगाच पन्नास हजार घालवून बसणार.

गाडी सात सीटर, डिझेल, वॉरंटी संपलेली. घरी मीच जास्त चालवते, मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, आणि माहेर मालवणला असल्यामुळे फोंडा घाटाने ये-जा. तर व्हायचं काय की गाडी चालवता चालवता अचानक डॅशबोर्डवर स्टेअरिंगचं पिवळं चिन्ह लागायचं आणि स्टेअरिंग दगडासारखं व्हायचं. दगड म्हणजे अगदी वळतच नाही असं नाही, वळतं, कारण स्टेअरिंगचा चाकापर्यंतचा रॉड आणि दात्यांचं जोडकाम जागच्या जागीच असतं, फक्त मोटरची मदत बंद होते. पण दीड टनाच्या वरच्या गाडीचं ते वळवायला दोन्ही हातांनी अंग टाकावं लागतं. स्पीडला असलं तर एवढं जाणवत नाही, पण बिनखांबी गणपतीच्या बोळात किंवा भवानी मंडपाजवळ पार्किंगला लावताना झालं की मागून हॉर्न, पुढून रिक्षा, आणि आपण मधे आडवे. गाडी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. मग आठवडा आठवडा काहीच नाही. मग परत एकदम.

असल्या येऊन-जाऊन फॉल्टची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मेकॅनिकसमोर गाडी शहाण्यासारखी वागते. सर्व्हिस सेंटरला नेली, तिथं सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने एक राऊंड मारला, काही झालं नाही, म्हणाला मॅडम टायरमध्ये हवा कमी असेल. हवा बरोबर होती. पुढच्या वेळी अलाइनमेंट करून दिली, त्याचे पैसे घेतले. त्याच्या पुढच्या वेळी स्कॅनर लावला, कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला फॉल्टचा नंबर, निघाला, तो पुसला आणि गाडी दिली, आणि कुठला कोड होता ते जॉब कार्डवर लिहिलंच नाही. आणि दरवेळी फोन यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना. गाडी मी चालवते, प्रॉब्लेम मला येतो, जॉब कार्डवर नंबर माझा, तरी फोन यांना. ते ऑफिसात, त्यांना काय माहिती कधी होतं आणि कसं होतं, ते म्हणायचे बघा काय ते करा. शेवटी इस्टिमेट आलं, स्टेअरिंग कॉलम, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा, मोटरसकट पूर्ण बदलायचा, लेबर धरून पन्नास हजाराला थोडे कमी. मी विचारलं बदलल्यावर नक्की जाईल का, तर उत्तर आलं की "बहुतेक जाईल मॅडम". बहुतेकसाठी पन्नास हजार द्यायची माझी तयारी नव्हती. भावजयीच्या ओळखीतल्या एका टेम्पोवाल्याने ह्या दुकानाचं नाव सांगितलं.

मामा, म्हणजे सगळे त्यांना मामाच म्हणतात, साठीच्या पुढचे असतील. मी गाडी लावली तर बॉनेट उघडायला सांगायच्या आधी त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि प्रश्न सुरू केले. "ताई, बत्ती लागती तवा एसी चालू असतोय काय?" असतो. "गाडी जागेवर वळवताना जास्त का चालता चालता?" हळू असताना, जागेवर वळवताना जास्त. "रातीला का दिवसा?" यावर मी जरा थांबले, विचार केला, तर खरंच रात्री जास्त झालंय. "पावसात?" हो, पावसाळ्यात वाढलं. "गाडी कुठं लावतासा, कोकणात जाती काय?" जाते, आणि गणपतीत, मे महिन्यात तिकडं अंगणात उघड्यावरच उभी असते. "सेल्फ कसा लागतोय?" एकदम झटक्यात, त्याची कधीच तक्रार नाही, बॅटरी मागच्याच वर्षी नवी घातलीय. हे ऐकून ते नुसतं हं म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं, "आनी दुसरं काय? स्टेअरिंग सोडून कायबी. बारीकसारीक सांगा."

तर बारीकसारीक म्हणून मी सांगितलं की मुलं कुरकुर करतात, गाणं मधेच बंद पडतं आणि म्युझिक सिस्टीम परत पहिल्यापासून चालू होते, कंपनीचा लोगो येतो वगैरे. हे मी सर्व्हिस सेंटरला पण सांगितलेलं, त्यांनी जॉब कार्डवर वेगळी ओळ टाकली की म्युझिक सिस्टीम चेक करणे, आणि सॉफ्टवेअर अपडेट मारून दिलं. मामांनी विचारलं की गाणं बंद पडतं ते वळणावर का? आता हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, मी पण असा मेळ लावला नव्हता, पण शाळेच्या गेटवर गाडी वळवतानाच धाकटा ओरडायचा "आई परत गेलं गाणं" हे मला डोळ्यासमोर दिसलं. हो, वळणावरच. मामा उठले, पोराला हाक मारली, म्हणाले मीटर आण, म्हणजे व्होल्टेज मोजायचं.

इथून पुढचं जे आहे ते मला त्यांनी शांतपणे समजावत समजावत केलं, मी सायन्सची विद्यार्थिनी असल्यामुळे थोडं लवकर कळलं असेल पण तसं फार अवघड नाहीये. आमच्या गाडीला तेलावरचं पॉवर स्टेअरिंग नाही, इलेक्ट्रिक आहे. म्हणजे पंप नाही, बेल्ट नाही, तेल नाही, स्टेअरिंगच्या दांड्यावर एक मोटर आणि तिचा छोटा कॉम्प्युटर. तुम्ही स्टेअरिंग किती जोर लावून फिरवताय ते एक सेन्सर बघतो आणि तेवढी मदत मोटर करते. गाडी सरळ रस्त्याने चाललेली असताना ही मोटर अगदी थोडा करंट घेते, पण गाडी जागेवर उभी असताना चाक पूर्ण वळवलं की चाळीस, पन्नास, मोठ्या गाडीला त्याहूनही जास्त अ‍ॅम्पिअर खेचते. एवढा करंट घरातल्या मोठ्या गिझरला पण लागत नाही, फक्त इथं व्होल्टेज बाराचं आहे. आणि ह्या कॉम्प्युटरला व्होल्टेज साधारण नऊ-दहाच्या खाली गेलेलं चालत नाही, तो मोटर बंद करतो, बत्ती लावतो, आणि स्टेअरिंग तुमच्या हातावर सोडतो. तो बिघडलेला नसतो, त्याला जेवण मिळत नसतं म्हणून तो बसतो.

मामांनी आधी बॅटरी बघितली. गाडी बंद असताना साडेबारा, चालू केल्यावर चौदाच्या वर. म्हणजे बॅटरी ठीक, आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर पण ठीक. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर पण हेच आकडे होते, बॅटरी ओके, चार्जिंग ओके. तिथंच ते थांबले होते. मामांनी मग मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस टोकावर धरली, आणि दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर. मला वाटलं दोन्ही मायनसच, मग मोजणार काय. तर तेच मोजायचं असतं. दोन्ही खरोखर एकच असतील तर मीटर शून्य दाखवेल, आणि जेवढं दाखवेल तेवढं व्होल्टेज मधल्या वाटेत वाया चाललंय. गाडी नुसती चालू असताना पॉइंट एकच्या आसपास दाखवत होतं, म्हणजे काहीच नाही. मग मामांनी पोराला आत बसवलं, एसी फुल, हेडलाईट हाय बीम, मागची काच तापवायची ती लाईन पण चालू, आणि म्हणाले फिरव. त्याने स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि मीटर दीडच्या वर गेलं. हेडलाईट समोरच्या लेथवाल्याच्या शटरवर पडले होते ते पण वळवताना दबताना दिसत होते, मी स्वतः बघितलं. जाड वायरीच्या अर्थिंगला, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायच्या वाटेला, लोडवर पाव व्होल्टच्या आत पाहिजे असं त्यांचं गणित.

मग त्यांनी आत हात घातला, बॅटरीच्या ट्रेखाली जी मायनसची वायर बॉडीला बोल्ट केलेली असते ती धरून जरा हलवली, आणि पोराला परत फिरव म्हणाले. मीटर तीनच्या वर उडालं, आतून पोरगं ओरडलं "मामा कडक झालं!", पिवळी बत्ती लागली, आणि म्युझिक सिस्टीमवर लोगो आला. मी अक्षरशः टाळी वाजवली. जो फॉल्ट सर्व्हिस सेंटरला कधी दिसलाच नाही तो ह्या माणसाने हाताने बोलावून आणला.

आता कुणी शंका काढेल की अर्थिंग एवढं खराब होतं तर गाडी झटक्यात चालू कशी व्हायची, सेल्फला तर शेकड्यांनी करंट लागतो. मी पण हेच विचारलं. तर बॅटरीच्या मायनसला सहसा दोन वायरी असतात, एक जाड इंजिनला किंवा गिअरबॉक्सला जाते आणि दुसरी बॉडीला. सेल्फ इंजिनवर बसलेला, त्याचा परतीचा करंट जाड वायरीने जातो, ती आमची ठणठणीत होती. स्टेअरिंगची मोटर, म्युझिक, हेडलाईट, हे सगळे बॉडीवर अर्थ झालेले, ते दुसऱ्या वाटेने. इंजिन आणि बॉडीमधे आणखी एक तांब्याच्या जाळीची पट्टी असते, ती मामांनी टॉर्च मारून दाखवली, तिचे बहुतेक तंतू तुटून कुजून गेलेले, चार-दोन धागे लटकत होते. म्हणजे परतीच्या दोन वाटांपैकी एक जवळजवळ बंद आणि दुसरी गंजलेली. सेल्फ चांगला लागतोय म्हणून बॅटरीकडचं सगळं चांगलं असं जे आपण धरून चालतो तिथंच चकवा बसतो.

बोल्ट मात्र एकदम टाईट होता. मामा म्हणाले, "बोल्ट टाईट हाय म्हणूनच कुणाला संशय येत न्हाई." खोलल्यावर बघितलं तर वायरीच्या टोकाचा जो लग असतो त्याच्याखाली तांबडा गंज आणि हिरवी पावडर, आणि बॉडीला जिथं टेकतो तिथं पापुद्रा सुटलेला. वरून बोल्टचं डोकं चकचकीत. बॅटरीचं पाणी, पावसाचं पाणी आणि मालवणचा खारा वारा, तिन्हींनी मिळून केलेलं काम. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, आणि साध्या मीटरवर बीप (वायर सलग आहे का ते बघायची सोय) लावून बघितलं तर बीप पण येते! हे मला सगळ्यात भारी वाटलं. त्यांनी मुद्दाम बीप लावून दाखवली, खराब वायर, तरी बीप. कारण बीप मोजताना मीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो, तेवढा एका धाग्यातून पण जातो. मी घरी येऊन वहीवर हिशोब केला, पन्नास अ‍ॅम्पिअरला तीन व्होल्ट पडत असतील तर रेझिस्टन्स फक्त पॉइंट शून्य सहा ओहम, मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच त्याच्यापेक्षा जास्त असतो, तो काय डोंबल दाखवणार. आणि तीच वायर पाच अ‍ॅम्पिअरवर तपासली तर पॉइंट तीन व्होल्ट, कुणाच्या लक्षात पण येणार नाही. म्हणून लोड टाकूनच बघायचं. सर्व्हिस सेंटरला गाडी एसी बंद, लाईट बंद, दिवसाउजेडी, स्टेअरिंग सरळ, अशी उभी करून स्कॅनर लावत होते, मग कसं सापडणार.

स्कॅनर मामांकडे पण आहे, पोराने घेतलाय, टॅबसारखा. तो लावल्यावर स्टेअरिंगच्या मॉड्यूलमधे, म्हणजे त्या छोट्या कॉम्प्युटरमधे, व्होल्टेज कमी झाल्याचा कोड निघाला आणि इंजिनच्या बाजूला यू ०१३१ निघाला. हा यू ०१३१ नेटवर शोधला की लोक सरळ लिहितात स्टेअरिंग मॉड्यूल गेलं, बदला. पण त्या कोडचा अर्थ एवढाच आहे की बाकीच्या कॉम्प्युटरचा स्टेअरिंगच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. तो मेला का झोपला का त्याला करंटच मिळेना हे कोड सांगत नाही. यू ने सुरू होणारे बरेच कोड असेच, कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याची तक्रार. तर कोणी हा कोड दाखवून तुमच्याकडे कॉलमचे पैसे मागत असेल तर आधी व्होल्टेज मोजून दाखवा म्हणा.

जाता जाता, आमच्या ह्यांनी मधल्या काळात ऑनलाईन एक छोटं ब्लूटूथचं डबडं मागवलेलं, पायाजवळच्या सॉकेटमधे लावून मोबाईलवर कोड बघायचं. त्याच्याबद्दल पण सांगते. स्वस्तातली ही डबडी साध्या अ‍ॅपवर बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतात, स्टेअरिंग, एबीएस, एअरबॅग ह्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे आमच्या मोबाईलवर कायम नो फॉल्ट. पण एक चांगलं आहे, बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर इंजिन कॉम्प्युटरला मिळणारं व्होल्टेज लाईव्ह दिसतं. आता मी ते लावून ठेवते आणि कधीतरी वळवताना नजर टाकते. अर्थात ते इंजिन कॉम्प्युटरच्या जागेवरचं व्होल्टेज, स्टेअरिंगच्या मोटरच्या जागेवरचं नव्हे, तेवढं लक्षात ठेवायचं.

काम काय केलं ते सांगते. जुना लग कापला, मागची वायर सोलून बघितली की गंज आत किती गेलाय, कारण तांबं आतून काळं पडतं, काळा भाग सगळा कापून टाकला. नवीन तांब्याचा लग, हायड्रॉलिक प्रेसने दाबला, हातोडीने चेचला नाही, वर गरम करून आवळणारी नळी. बॉडीची जागा पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत आणली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस. ग्रीस नेहमी आवळल्यावर वरून, आधी मधे भरायचं नाही असं पोराला दोनदा बजावलं. जाळीची पट्टी नवी. आणि स्वतःच्या मनाने एक जादा पंचवीस स्क्वेअर एमएमची वायर बॅटरीच्या मायनसपासून बॉडीवर दुसऱ्या जागी दिली. हे त्यांनी आधी विचारलं, ताई घालू का, एवढे एवढे होतील. मग परत सगळं चालू करून, एसी, लाईट, स्टेअरिंग ह्या टोकाला त्या टोकाला, मीटर पॉइंट एकच्या आत. वायर हलवून, बोनेट आपटून, परत तेच. बिल सगळं मिळून दोन हजाराच्या आत. पन्नास हजार कुठं आणि हे कुठं.

बॅटरी काढून लावली की एक गंमत होते ती आधी सांगितली तर बरं, कारण मी क्षणभर घाबरले. चालू केल्यावर स्टेअरिंगची आणि त्याच्या शेजारची घसरणाऱ्या गाडीची बत्ती लागलेलीच राहिली. बऱ्याच गाड्यांत बॅटरी सुटली की स्टेअरिंग सरळ कुठं आहे हे सेन्सर विसरतो. दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून थोडी सरळ चालवली की आठवतं. आमचं गेलं. काही गाड्यांना स्कॅनरने शिकवावं लागतं. काचेचं एका बोटात वर जाणं पण परत सेट करावं लागलं, घड्याळ तर आलंच.

मी बसले होते तेव्हा शेजारी एक जुनी बोलेरो आली, त्याची पण हीच तक्रार, स्टेअरिंग मधेच जड. मला वाटलं आता मामा तिथं पण मायनस मोजणार. तर त्यांनी बोनेट उघडायला लावलं, गाडी चालू ठेवून वळवायला सांगितलं, आणि चूंऽऽ असा आवाज आला. बेल्ट घसरतोय. तेलाच्या बाटलीत बघितलं तर पातळी कमी आणि फेस. त्याला सांगितलं की हे माझ्याकडचं काम नाही, पलीकडच्या गल्लीत जा, आधी तेल कुठून गळतंय ते बघायला सांग, नुसतं तेल भरून पंप खाऊ नकोस. जुनी इनोव्हा, बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ ह्या तेलावरच्या स्टेअरिंगच्या गाड्या, तिथं जड झालं की बेल्ट, तेल, पंप असा क्रम. तर आधी तुमच्या गाडीचं कुठलं आहे ते बघा. बोनेटमधे स्टेअरिंग तेलाची बाटलीच नसेल तर बहुतेक इलेक्ट्रिक. गिऱ्हाईक आलं म्हणून त्याला पकडून ठेवलं नाही हे मला फार आवडलं, नाहीतर हल्ली कोण पाठवतं दुसरीकडे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी फॉल्ट नसतेच. अवघड जागी गाडी काढताना किंवा नवीन शिकणारा असेल तर पाच-दहा मिनिटं सलग स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलं की मोटर तापते आणि कॉम्प्युटर मुद्दाम मदत कमी करतो, जळू नये म्हणून. थोडा वेळ थांबलं की पूर्ववत. टोकाला पोचल्यावर तिथंच जोर लावून धरून ठेवायचं नाही, तेव्हा सगळ्यात जास्त करंट जातो. तेलावरच्या स्टेअरिंगला पण हे वाईटच, तिथं पंपावर प्रेशर येतं.

अर्थिंग चांगलं निघालं असतं तर पुढं काय, हे पण विचारून ठेवलं. तर क्रम असा की प्लसच्या बाजूची वायर, त्याचा साठ किंवा ऐंशी अ‍ॅम्पिअरचा बोल्टने आवळलेला फ्यूज, तो ढिला असला तर तापून प्लास्टिक पिवळं पडतं. मग मॉड्यूलचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, त्याच्या पिना हिरव्या झाल्यात का, उंदरांनी वायर कुरतडलीय का. उद्यमनगरात म्हणे पावसाळ्यात निम्मं काम उंदरांचंच. मग सेन्सर. आणि हे सगळं झाल्यावर सगळ्यात शेवटी कॉलम. सर्व्हिस सेंटरने शेवटून सुरुवात केली होती.

नंतर गाडी फोंडा घाटाने मालवणला जाऊन आली, धो धो पावसात, रात्री, एसी आणि वायपर आणि लाईट सगळं चालू. बत्ती नाही, गाणं पण बंद पडलं नाही. मधे एकदा मी आपणहून दाखवायला गेले, त्यांनी परत मीटर लावून बघितलं, पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

आता उणं पण लिहिलं पाहिजे. बसायला जागा म्हणजे ते एक स्टूल, उन्हाळ्यात आत भट्टी होते, आणि बायकांसाठी वॉशरूमची सोय अजिबात नाही. दोन-तीन तास थांबायचं असेल तर हा खरा त्रास आहे, मी शेवटी जवळच्या हॉटेलात जाऊन आले. पक्कं जीएसटी बिल मिळत नाही, कच्च्या चिठ्ठीवर लिहून देतात, त्यामुळे एक्सटेंडेड वॉरंटी चालू असलेल्यांनी गाडी इथं खोलायच्या आधी वॉरंटीचे कागद वाचा, बाहेर वायरिंगला हात लावला म्हणून उद्या क्लेम नाकारला तर मामा काही करू शकणार नाहीत. त्यांनी स्वतःच मला पहिल्यांदा हे विचारलं, वॉरंटीत आहे काय म्हणून. गाडी धुवून वगैरे मिळत नाही, उलट सीटवर ग्रीसचा हात लागलेला असतो, जुना टॉवेल घेऊन जा. आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला राग येईल, पण मनात काही नसतं.

साडेचार स्टार देते, अर्धा त्या वॉशरूमचा कापला. गाडी जो रोज चालवतो त्यालाच पाठवा, ड्रायव्हरच्या हातून किल्ली पाठवून दिली तर मामा परत पाठवतात, कारण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं कोण देणार. फोन उचलत नाहीत, सरळ जायचं, सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर नंबर लवकर लागतो, दुपारी जेवायला शटर अर्धं खाली असतं तेव्हा हाक मारू नका. पैसे गुगल पे चालतं, क्यूआर कोड पोराच्या मोबाईलच्या मागे चिकटवलाय.